मीठ सोडलं तेव्हा मी कुठं गेलो होतो

मी आजारी पडलो तो तब्येत सांभाळता सांभाळता. निष्काळजीपणानं आजारी पडणाऱ्याला निदान थोडी मजा केल्याचं समाधान तरी असतं. कुणी रोज समोसे खाल्लेले असतात, कुणी तंबाखू सोडलेली नसते. माझ्या खात्यावर तसं काहीच नाही. मी वरण-भात खाल्ला, पाणी प्यालो, सकाळी उठून फिरलो आणि थेट आयसीयूत पोचलो.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "नेमकं झालं काय होतं?" मी सांगतो आणि तो गोंधळून घरी जातो. माझंही डोकं अजून पुरतं निवळलेलं नाही, तेव्हा त्याला नावं ठेवत नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा आज्ञाधारक माणूस असेल, सगळ्यांचं ऐकणारा आणि कुणालाच काही न विचारणारा, तर त्याच्यासाठी हे लिहून ठेवतो. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी चमचाभर मीठ तोंडात टाकू नका आणि कुणाच्या गोळ्या बंद करू नका.

एक गोळी आणि तीन हितचिंतक

जबलपुरात आमची ही तिसरी पिढी. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथं आले आणि इथलेच झाले. मी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथल्या वार्षिक तपासणीत माझं बीपी थोडं वर निघालं. डॉक्टरांनी एक गोळी दिली. या गोळीनं लघवी जास्त होते, शरीरातलं जादा पाणी निघून जातं आणि दाब उतरतो, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. वर म्हणाले, "नमक थोड़ा कम कीजिए, पानी ठीक से पीजिए, टहलिए. और महीने भर में खून की जाँच करा के दिखाइए."

सल्ला एवढाच होता. पोस्टकार्डावर मावला असता. तो घरी आला आणि त्याचं बारसं झालं.

माझी बायको मंगला "थोडं कमी" या शब्दावर अडली. "थोडं म्हणजे किती? थोडं थोडं म्हणताच माझ्या काकाचं काय झालं, पाहिलं ना?" तिचे काका बीपीनं लकवा होऊन अंथरुणाला खिळले होते. तिनं लहानपणी त्यांना पेज भरवली होती. त्यामुळं तिची भीती नुसती ऐकीव नव्हती. तिनं मीठच बंद केलं. लोणच्याची बरणी, पापड, शेवेचा डबा, सगळं माळ्यावर गेलं. माझ्यासाठी वेगळं शिजवायचं आणि स्वतः चवीचं खायचं हेही तिला पटेना. मग तीही आळणीच खायला लागली.

दुसरा हितचिंतक दिनेश, मंगलाचा धाकटा भाऊ. दीक्षितपुऱ्यात त्याचं बिजलीच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइलवर आरोग्याचे व्हिडिओ पाहतो, आणि दुकान कसं चालतं याचा अंदाज त्याच्या आरोग्यज्ञानावरून येतो. तो तांब्याचा मोठा हंडा घेऊन आला. "भाऊजी, सकाळी दात न घासता अर्धा हंडा. मग दिवसभर तासातासाला लोटा. सगळं विष बाहेर."

तिसरी आमची एकुलती एक मुलगी रेवा. ती पुण्याला नोकरी करते. तिनं कुरियरनं एक भलीमोठी बाटली पाठवली. बाटलीवर रेघा, रेघांवर वेळा. कोणत्या वेळेपर्यंत कोणत्या रेघेशी पाणी उतरलं पाहिजे हे छापलेलंच. वर तिचा रोज फोन. "बाबा, बाटली झाली?"

दिनेशला बाटलीचं माहीत नव्हतं. रेवाला हंड्याचं माहीत नव्हतं. मंगलाला दोन्ही माहीत होतं, पण पाण्यानं काय होतं, असं तिला वाटलं. आणि मी? आमच्यात प्रेमानं कुणी काही पुढं केलं तर "नको" म्हणायची रीत नाही. जेवताना आग्रह झाला की आणखी एक पोळी घेतो, तसा मी तिघांचा सल्ला वाढून घेतला.

आळणी वरण खाल्लं आहे का कधी? दिसतं वरणासारखं. वास वरणाचा. तोंडात गेलं की मात्र कुणीतरी पाटी पुसलेलं पाणी दिल्यासारखं वाटतं. मंगला रोज विचारायची, "कसं झालं?" मी रोज म्हणायचो, "छान."

तोंडाला चव नसली तरी अंगात गर्व भरपूर आला. कारखान्यात चहाच्या वेळी कुणी नमकीनची पुडी फोडली की मी त्याच्याकडे दयेनं पाहायचो. शेजारचे तिवारीजी म्हणाले, "भाईसाहब, आप तो चमक रहे हैं." मी त्यांना अर्धा तास मिठाचे दुष्परिणाम ऐकवले. इतकं ठणठणीत वाटत असताना रक्त कशाला तपासायचं, म्हणून ती महिन्याची तपासणी तेवढी राहून गेली.

विष बाहेर पडतंय म्हणे

मे महिना लागला. जबलपूरचा उन्हाळा. डोकं जड व्हायला लागलं, मळमळ सुरू झाली. सकाळी फिरताना पाय असे पडायचे, जणू नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या ओल्या वाळूत रुतताहेत. माणसाचं नाव ओठांवर येऊन परत जायचं.

दिनेशला फोन केला. तो खूश झाला. "विष निघून राहिलं, भाऊजी. आता थांबू नका, पाणी वाढवा."

मी वाढवलं.

रेवा म्हणाली, "बाबा, डिहायड्रेशन असेल. दुसरी बाटली भरा."

तीही भरली. मळमळत होतं म्हणून पाणी पीत होतो आणि पाणी पीत होतो म्हणून मळमळत होतं. हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं की आपण अजून नीट पीत नाही.

बाहेरची बोली घरात

आता जो घोटाळा सांगतो तो आमच्यासारख्या घरातच होऊ शकतो.

आमच्याकडे बाहेर हिंदी, घरात मराठी. माझ्या वडिलांच्या वेळेपासून चपला आणि हिंदी दोन्ही दाराशी उतरवायची. रेवाच्या पिढीत हे ढिलं झालं. ती एका वाक्यात तीनदा उंबरा ओलांडते. मी मात्र मंगलाशी मराठीच बोलतो. अपवाद एकच, रागाचा. मला राग आला की मी हिंदीवर येतो. का ते माहीत नाही. कारखान्यात रागवायची सवय हिंदीतून लागली, म्हणून असेल. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा मंगलाला हे पाठ आहे. मी "जेवायला वाढ" म्हटलं तर सगळं ठीक, "खाना लगा दीजिए" म्हटलं तर वादळ.

त्या आठवड्यात मी एका सकाळी तिला म्हणालो, "तौलिया किधर रखा है?" ती चमकली. मग दुपारी, "ज़रा पानी दीजिएगा." संध्याकाळी पुन्हा तेच. तिनं मनाशी ठरवलं, हे कशावरून तरी फुगले. कशावरून ते आठवायचा प्रयत्न केला. काही सापडेना. मग तिलाही राग आला. काहीच केलं नसताना माणूस फुगतो म्हणजे काय? तिनं बोलणंच टाकलं. ताट ठेवायची आणि आत जायची.

मी फुगलो नव्हतो. माझ्या डोक्यातला उंबराच वाहून गेला होता.

कारण बाहेर मी मराठी बोलायला लागलो होतो. पनागरहून भाजी घेऊन येणारी रामकली आमच्या गल्लीत किती तरी वर्षं येते. तिला मी म्हणालो, "अहो बाई, या भेंड्या जून आहेत. कोवळ्या बघून द्या." ती म्हणाली, "बाबूजी, आज कौन बोली बोल रहे?" मला वाटलं, भाव कमी करायचा नाही म्हणून हिनं न समजल्याचं सोंग घेतलंय. मी आणखी शुद्ध मराठीत घासाघीस केली. कारखान्यात साहेबांना मी एका यंत्राच्या बिघाडाचा सगळा तपशील मराठीतून दिला म्हणे. साहेब सभ्य. मान हलवत राहिले. तिवारीजींना मी गल्लीतल्या तुंबलेल्या नालीबद्दल बराच वेळ काही सांगितलं. ते "जी, जी" करत ऐकत राहिले आणि मग मंगलाला म्हणाले, "भाभीजी, भाईसाहब आजकल बड़ी सुंदर मराठी बोल रहे हैं."

मंगला फणकारली, "मेरे साथ तो हिंदी चल रही है."

दोघं हसले. तिथंच खरं तर कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता. पण जबलपुरात कोण कुठली भाषा कुठं बोललं यावर कोण थांबतो? इथं तर सगळेच रोज हेच करतात.

तो दिवस, ऐकीव

ज्या दिवशी मला उचलून नेलं त्या दिवसातलं मला काहीही आठवत नाही. जे सांगतो ते दुसऱ्यांकडून ऐकलेलं. आपल्याच आयुष्यातला एक दिवस शेजाऱ्यांकडून उसना घ्यावा लागतो, यासारखं विचित्र काही नाही.

सकाळी मला उलटी झाली. मग मी पायजम्यावरच पँट चढवली आणि समोरच्या व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसलो. मंगला बाहेर आली. तिच्या म्हणण्याप्रमाणं मी "काहीबाही बोललो". काय, ते तिनं तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. तिनं तिवारीजींना हाक मारली. तिवारीजींनी गाडी काढली. गाडीत मी त्यांचे मराठीतून आभार मानले आणि त्यांच्या सीटवर पुन्हा उलटी केली.

रुग्णालयात पहिला संशय लकव्याचा. मंगलाच्या डोळ्यांपुढं काका उभे राहिले असणार. डोक्याचा फोटो काढला, तो साफ निघाला. मग रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सोडियम बहुत गिर गया है. मतलब खून में नमक. घर में नमक बंद था क्या?"

पुढचं तिवारीजी सांगतात. भाभीजी भिंतीला हात लावून तिथंच खाली बसल्या.

वैशाख की जेठ

आयसीयूतल्या आठवणी तुकड्यातुकड्यांच्या आहेत. हातात सुई. वर टांगलेली बाटली, तिच्यातून थेंब थेंब मिठाचं पाणी. हे फार हळू द्यावं लागतं, घाई केली तर मेंदूलाच इजा होते, असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं. त्यामुळं सारखं रक्त काढायचे, बघायचे, बाटलीचा वेग कमी-जास्त करायचे. आणि प्यायला पाणी नाही! ज्या माणसाच्या मागं सगळं खानदान पाणी घेऊन लागलं होतं, त्याला ओठ ओले करायला कापसाचा बोळा. तो बोळा इतका गोड लागायचा की मी नर्सला दुवा द्यायचो. कोणत्या भाषेत ते मात्र माहीत नाही.

दर पाळीला नवी नर्स यायची आणि तीच परीक्षा घ्यायची. नाव काय, कुठं आहात, महिना कोणता. एकदा महिना विचारला तर मी म्हणालो, "वैशाख."

"नहीं बाबूजी, जेठ."

"वैशाख."

"जेठ लग गया, पूर्णिमा के बाद से."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. मंगला तेव्हा भेटायच्या वेळेत आत आलेली होती. तिनं विचारलं, "काय लिहिलं?" नर्स म्हणाली, अजून भ्रम आहे. मंगला एकदम उसळली. "भ्रम वगैरे काही नाही! हमारे में अमावस तक वैशाख ही रहता है. सही बोल रहे हैं ये!"

डॉक्टरांना बोलावणं गेलं. तरुण माणूस, चेहऱ्यावर झोप नसलेली. त्यांनी दोघींचं ऐकलं. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आमचा अमावास्येला. मधला पंधरवडा दोघांचा वेगळा. मी नेमका त्या पंधरवड्यात आजारी पडलो होतो. डॉक्टर म्हणाले, "माताजी, मैं तो मई पूछता हूँ, मई में झगड़ा नहीं है." मग मंगलानं त्यांना भाषेचंही सांगितलं, घरात काय आणि बाहेर काय ते. ते गंभीर झाले. "ये पहले बताना था. तो ऐसा कीजिए, जिस दिन ये मुझसे हिंदी और आपसे मराठी बोलने लगें, उस दिन मुझे बताइए. मेरे लिए उससे अच्छी जाँच नहीं."

मी हे सगळं ऐकत होतो. कळत होतं आणि कळत नव्हतं. समोरची ही बाई माझी आहे, माझ्यासाठी भांडते आहे, एवढं पक्कं माहीत होतं. पण तिचं नाव काही केल्या हाताला लागेना. तेव्हा मला जी भीती वाटली ती कोणत्याही सुईची नव्हती. माझे वडील शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. "ओव्हरसियर साहेब" म्हणायचे. मी पाणी दिलं तर हात जोडून आभार मानायचे. मला वाटलं, आली आपली पाळी. वडिलांना तरी म्हातारपणी आली, मी तर निवृत्तही झालो नाही. मी डोळे मिटून मनात नावं घोळवायला लागलो. मालती, मंदा, मीरा. भलत्याच बायका यायच्या आणि जायच्या.

मग कधीतरी दुपारी ती पाय चेपत बसली होती आणि मी म्हणालो, "मंगला, राहू दे, हात दुखतील तुझे."

तिनं चेपणं थांबवलं नाही. नुसतं म्हणाली, "अच्छा. आले का?"

बाहेरच्या बाकावर

आत मी शुद्धीवर येत होतो तेव्हा बाहेर बाकावर घरचे एकमेकांवर घसरले होते. रेवा पुण्याहून तशीच गाडीत बसून आली होती. तिनं दिनेशला धरलं. "मामा, आपने कितना पानी पिलाया उनको?"

"मी? फक्त सकाळचा हंडा! बाटली कोणी पाठवली? आणि पाण्यानं कोणी मरते काय?"

"मम्मी, और नमक? पूरा बंद काहून केलं? डॉक्टरनं थोडंच म्हटलं होतं ना?"

मंगला उठून आयसीयूच्या दाराच्या काचेपाशी गेली.

डॉक्टरांनी शेवटी तिघांना आत घेऊन सांगितलं की यात एकाचा दोष नाही. गोळी पाण्याबरोबर मीठही बाहेर टाकत होती, वरून मीठ येत नव्हतं, पाण्याचा मारा सुरू होता आणि महिन्याची तपासणी झाली नव्हती. यातली एखादी गोष्ट असती तर निभावलं असतं. चारही एका माणसात जमल्या. ती गोळी त्यांनी बदलली.

दिनेशनं हे ऐकून सुटकेचा श्वास सोडला. रेवा रडली आणि मोकळी झाली. मंगलानं मात्र सगळा दोष गोळा करून पदरात बांधला आणि कुणाला दाखवलाही नाही.

घरी

घरी आल्यावर पहिले काही दिवस डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. हे होतं, घाबरू नका. मी घाबरलो. चष्मा सापडला नाही की वाटायचं, पुन्हा सुरू झालं. कुठलं विसरणं वयाचं, कुठलं मिठाचं आणि कुठलं वडिलांकडून आलेलं, हे कसं ओळखायचं? अजूनही नीट सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं, "मग आता मीठ खाऊ की नको?" ते म्हणाले, "थोड़ा." मी म्हटलं, साहेब, याच शब्दानं आमचा घात केला. ते हसले आणि म्हणाले, सगळे खातात तसं साधं जेवा, वरून घेऊ नका, तहान लागेल तेवढं पाणी प्या, आणि रक्त तपासायला या. यावेळी गेलो.

माझ्याकडून सांगण्यासारखं एवढंच. नवी गोळी सुरू झाली की घरात जे जे कुणी तुमची काळजी घेतं त्या सगळ्यांना एकाच दिवशी एका जागी बसवा आणि प्रत्येकजण काय करणार आहे ते एकमेकांना ऐकू द्या. डॉक्टरांनाही सांगा, हंड्यासकट. आणि घरातलं माणूस अचानक वेगळं बोलायला लागलं तर ते रागावलंय असं धरून चालू नका. विचारा.

मंगलाचं मात्र वेगळंच सुरू झालं होतं. तिचा हात मिठापाशी जाऊन थांबायचा. वरण शिजायचं, फोडणी पडायची, ती मिठाचा चमचा भरायची आणि परत डब्यात ओतायची. शेवटी मिठाचा डबाच टेबलावर आला. "तुम्ही तुमच्या हातानं घ्या." पाहुणा आला तरी तेच. तिवारीजी एकदा जेवायला होते, तेही आपले चिमूट चिमूट टाकून चाखत बसले.

आणि प्रश्न. सगळं घर मला प्रश्न विचारायला लागलं. रेवा फोनवर, "बाबा, आज तारीख काय?" दिनेश, "भाऊजी, माझ्या दुकानाच्या समोर काय आहे, सांगा पाहू?" मंगला सरळ विचारायची नाही. तिचे प्रश्न कामाच्या वेषात यायचे. "दूधवाला काल किती वाजता आला होता हो?" "तुमच्या मोठ्या आत्याच्या नातवाचं नाव काय ठेवलं?" उत्तर बरोबर आलं की तिचे खांदे जरासे खाली यायचे. मी ते पाहत होतो आणि मनातून वैतागत होतो. पास होऊन होऊन माणूस किती पास होणार?

म्हणून एका रविवारी मला अवदसा आठवली. ती चहा करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तिनं विचारलं, "काल कोणती भाजी आणायची ठरली होती आपली?"

मी चेहरा कोरा केला आणि म्हणालो, "मैडम, हमें तो कुछ याद नहीं. आप कौन?"

मला वाटलं, लाटणं येईल. तिनं गॅस बंद केला. स्टूल ओढलं आणि बसली.

"असं नका करू."

"अगं, गंमत..."

"त्या दिवशी तुम्ही हेच केलं होतं. व्हरांड्यात."

ती पदराची किनार बोटाला गुंडाळत होती.

"मी बाहेर आले तर तुम्ही उठून उभे राहिले. म्हणाले, आइए बहनजी, बैठिए. मिसेज़ बाज़ार गई हैं, आती होंगी."

"मग?"

"मग काय. तिवारीजींना हाक मारली आणि बसले. इतक्या अदबीनं तुम्ही खुर्ची देऊन राहिले होते, काय करणार? ते गाडी काढेपर्यंत आपण दोघं माझी वाट पाहत बसलो."

चहा पातेल्यात निवत होता. त्या व्हरांड्यातल्या माणसाचा मला राग आला आणि त्याची कीवही आली. मला त्याला काही विचारायचं होतं, पण तो आता सापडणार नव्हता. जे काही होतं ते तिच्याकडं होतं.

"मी आणखी काही बोललो?"

"बोलले ना." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "म्हणाले, बहनजी, घर में सब ठीक है. बस, खाने में नमक नहीं डालती. बिलकुल नहीं. गले से नहीं उतरता. मग इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, उनसे मत कहिएगा. बेचारी खुद भी वही खाती है."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"एका परक्या बाईला सांगितलं तुम्ही," मंगला म्हणाली. "मला काहून नाही सांगितलं? मी रोज विचारत होते. रोज. तुम्ही एकदा जरी म्हटलं असतं ना, की नाही जात घशाखाली, तर मी चिमूटभर घातलं असतं. मलाही जात नव्हतं."

"तू घाबरलेली होतीस."

"मग? घाबरलेल्या माणसाला खोटं सांगायचं असतं का?"

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. निवलेला चहा आम्ही तसाच वाटून घेतला.

संध्याकाळी तिनं वरण केलं. मी बाहेर बसून कान देऊन ऐकत होतो. फोडणी चुरचुरली, मग बराच वेळ काही नाही, मग मिठाच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज. पानं घेतली तेव्हा टेबलावर डबा नव्हता. तिनं वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "कसं झालं?"

मी घास घेतला. जिभेनं नीट शोध घेतला. तोंडात "छान" तयारच होतं. ते गिळलं.

"जरा खारट आहे."

"खरं?"

"खरं."

तिनं माझ्याच ताटातलं बोटाला लावून चाखलं. "आहे," म्हणाली, आणि वरणात गरम पाणी घालायला उठली. त्या दिवसापासून तिनं मला दूधवाल्याबद्दल काही विचारलेलं नाही.